उन्हाळ्याची सुटी आणि सावनेरची वाट

सावनेर हे गाव महाराष्ट्रातील सुशिक्षित वाचकास बहुधा एकाच कारणाने ठाऊक असते. २३ जानेवारी १९१९ रोजी राम गणेश गडकरी यांचे तेथे अकाली निधन झाले, आणि तेव्हापासून नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरील या कापसा-संत्र्यांच्या गावाचे नाव आमच्या वाङ्मयाच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले. परंतु गावाची ओळख एका स्मृतीने संपत नाही. सावनेर हे आमचे जन्मगाव असल्यामुळे त्याच्या दुसऱ्या एका इतिहासाकडे वाचकांचे लक्ष वेधण्याची इच्छा आम्हांस पुष्कळ दिवसांपासून होती. तो इतिहास दगडांचा आहे. आणि थोडे चमत्कारिक वाटेल, परंतु त्याचा संबंध विद्यार्थ्यांच्या उन्हाळ्याच्या सुटीशी फार निकटचा आहे.

सुटी ही वस्तू आम्हांस इंग्रजांनी दिली अशी एक सार्वत्रिक समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. आमच्या जुन्या पाठशाळांत प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा व अमावास्या हे अनध्यायाचे दिवस होतेच. मेघगर्जना झाली किंवा थोर अतिथी घरी आला तरी पाठ बंद राही. शिवाय श्रावणीस उपाकर्म करून वेदाध्ययनास आरंभ करावा, साडेचार महिन्यांनी उत्सर्जन करावे, आणि पुढे शुक्लपक्षात वेदांची व कृष्णपक्षात वेदांगांची उजळणी करावी, असा क्रम मनुस्मृतीत सांगितला आहे. म्हणजे वर्षाचे बाराही महिने एकाच जात्याला जुंपलेले नसावेत, काही काळ नवे शिकण्याचा व काही काळ शिकलेले मुरविण्याचा असावा, ही जाणीव आमच्या पूर्वजांस होती. सलग दीड-दोन महिन्यांची उन्हाळी सुटी मात्र नव्या राज्याबरोबर आली. साहेबास ऊन सोसत नसे. मध्यप्रांताचे सरकार उन्हाळ्यात पंचमढीस जाई; आणि कचेऱ्या, न्यायालये व विद्यालये यांची वेळापत्रके त्याच हवामानाच्या धाकाने आखली गेली. नागपुरास हिस्लॉप कॉलेज १८८३ साली व मॉरिस कॉलेज १८८५ साली निघाले, १९२३ साली विद्यापीठ स्थापन झाले, आणि एप्रिलच्या परीक्षा व मे महिन्याची सुटी हा विदर्भातील विद्यार्थिजीवनाचा ठराविक क्रम होऊन बसला.

साहेबाच्या सोयीसाठी आलेल्या या सुटीचे आमच्या लोकांनी काय केले, हे पाहणे मोठे उद्बोधक आहे. १८७५ च्या मे महिन्यात न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली. ज्या दिवसांत पाठ्यपुस्तके मिटलेली असतात, त्याच दिवसांत पाठ्यपुस्तकाबाहेरचे काही ऐकावयास मिळावे, अशी ती योजना होती. परीक्षेत ज्याचा प्रश्न येणार नाही असे व्याख्यान ऐकावयास जो तरुण जाई, तो स्वतःच्या जिज्ञासेने जाई. आमच्या मते सुटीचे सारे मर्म या एका गोष्टीत आहे. शाळा चालू असताना प्रश्न दुसऱ्याचा असतो व उत्तर तेवढे विद्यार्थ्याचे असते. सुटीत प्रश्नही त्याचाच असू शकतो.

आता सावनेरच्या दगडांकडे वळू. रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४५ साली नागपुरास आला, तेव्हा येथे भोसल्यांचे राज्य होते. पुढील वर्षी त्याने शाळा काढली. धर्मप्रसार व शिकविणे हे त्याचे नेमलेले काम. परंतु त्यातून उरलेल्या वेळात तो व त्याचा सहकारी रॉबर्ट हंटर हे भोवतालचा मुलूख पायाखाली घालीत आणि वाटेतील दगड न्याहाळीत. नागपूरच्या पश्चिमेस टाकळी येथे त्यांना खडकात गोड्या पाण्यातील शिंपले, फळे, बिया व लाकूड यांचे अवशेष आढळले. कन्हानकाठचे कामठी, सावनेर तालुक्यातील सिलेवाडा, अशा ठिकाणच्या वालुकाश्मांत प्राचीन वनस्पतींच्या पानांचे ठसे सापडले. १८५५ साली या दोघांचा नागपूर परिसराच्या भूस्तरांवरील निबंध लंडनच्या भूगर्भशास्त्रीय संस्थेच्या त्रैमासिकात प्रसिद्ध झाला. ज्या प्रदेशातून शेकडो वर्षे सैन्ये, बैलगाड्या व यात्रेकरू गेले, त्याच्या पायाखाली काय आहे हे एका शाळामास्तराने रिकाम्या वेळात पाहिले!

ही पाने ग्लॉसॉप्टेरिस नावाच्या, पंचवीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या वनस्पतीची. जिभेच्या आकाराचे पान, मध्ये ठळक शीर व बाजूंस जाळीदार शिरा, अशी तिची ठेवण आहे. आज सावनेर व सिलेवाडा येथील खाणींतून जो कोळसा निघतो, तो याच वनस्पतींच्या काळातील अरण्यांचा अवशेष होय. या साऱ्या स्तरसमूहास पुढे १८७२ साली मेडलिकॉट याने गोंडांच्या देशावरून 'गोंडवन' हे नाव दिले, आणि १८८५ साली ऑस्ट्रियातील भूगर्भवेत्ता स्यूस याने त्याचाच विस्तार करून दक्षिण गोलार्धातील प्राचीन भूखंडास 'गोंडवनभूमी' म्हटले. आमच्या शेजारच्या गोंडांचे नाव अशा रीतीने पृथ्वीच्या इतिहासात गेले.

हिस्लॉपचा अंतही या छंदातच झाला. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटजवळच्या प्राचीन शिळावर्तुळांचे खोदकाम पाहून तो घोड्यावरून परत येत असता बोरीनजीक पुराने फुगलेल्या ओढ्यात वाहून गेला. त्याच्या वयाची ४६ वर्षे पुरी होण्यास चार दिवस उरले होते. गोंड व इतर जमातींविषयी त्याने जमविलेली टिपणे, त्यांत गोंडांची लिंगोगाथाही आली, १८६६ साली सर रिचर्ड टेंपल याने संपादून प्रसिद्ध केली. हिस्लॉपच्या धर्मकार्याविषयी कोणाचे काहीही मत असो, हा मुलूख त्याने डोळे उघडे ठेवून पाहिला, हे ऋण आम्ही नागपूरकरांनी मान्य केले पाहिजे.

हिस्लॉप शिक्षक होता, आणि आम्ही तर विद्यार्थ्यांच्या सुटीविषयी बोलत आहोत, असा आक्षेप चाणाक्ष वाचक घेतील. त्यांच्यासाठी दुसरे उदाहरण याच दगडांतून निघते. बिरबल साहनी यांचा जन्म १८९१ साली पंजाबातील भेरा येथे झाला. त्यांचे वडील रुचिराम साहनी लाहोरच्या महाविद्यालयात रसायनशास्त्राचे अध्यापक होते. सुट्या लागल्या की ते मुलांस घेऊन हिमालयात पायी प्रवासास जात. झोजी-लासारख्या खिंडी बिरबल यांनी विद्यार्थिदशेत पायी ओलांडल्या, वाटेतील वनस्पती गोळा केल्या. या भटकंतीस कोणी गुण देत नव्हते. पुढे १९११ साली पदवीधर होऊन ते केंब्रिजला गेले व प्राचीन वनस्पतींचे पंडित प्राध्यापक सीवर्ड यांचे शिष्य झाले.

याच सुमारास जगाच्या दुसऱ्या टोकास एक विलक्षण घटना घडली. दक्षिण ध्रुवावरून परतणारा कॅप्टन स्कॉट व त्याचे सोबती फेब्रुवारी १९१२ मध्ये बिअर्डमोर हिमनदीकाठी थांबले आणि त्यांनी दगड गोळा केले. पुढे उपासमारीने व थंडीने ते सर्व मृत्यू पावले. परंतु सुमारे ३५ पौंड वजनाचे ते दगड त्यांनी शेवटपर्यंत टाकले नव्हते. त्या दगडांत ग्लॉसॉप्टेरिसची पाने होती, हे सीवर्ड यांनी १९१४ साली प्रसिद्ध केले. म्हणजे सिलेवाड्याच्या वालुकाश्मातील वनस्पती व दक्षिण ध्रुवाजवळील वनस्पती एकाच कुळातील! दोन्ही भूमी कधी काळी एक होत्या, या मताला याहून बोलका पुरावा कोणता हवा? पुढे १९२० साली सीवर्ड व साहनी या गुरुशिष्यांनी मिळून हिंदुस्थानातील गोंडवन वनस्पतींची फेरतपासणी करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. नंतरच्या काळात साहनींचे लक्ष नागपूर-छिंदवाड्याकडील खडकांवर विशेष जडले. छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगाव कलां येथील अश्मीभूत फळाफुलांवर त्यांनी निबंध लिहिले. ३ एप्रिल १९४९ रोजी लखनौस त्यांच्या संस्थेची कोनशिला पंडित नेहरूंच्या हस्ते बसली, आणि एका आठवड्याने, १० एप्रिलला, साहनी निवर्तले. बापाने मुलाला सुटीत डोंगरावर नेले नसते तर हे सारे घडलेच नसते, असे सिद्ध करता येणार नाही. परंतु पायी चालत जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याची सवय कोठे लागली, हे मात्र स्पष्ट आहे.

आता थोडे स्वतःविषयी. १९१३ साली नागपूर-छिंदवाडा हा अरुंद रुळांचा लोहमार्ग सुरू झाला, आणि तेव्हापासून शंभरांहून अधिक वर्षे 'छोटी गाडी' सावनेर, केळोद, लोधीखेडा, रामाकोना अशी दम खात सातपुडा चढत असे. २०१५ च्या अखेरीस ती रुंदीकरणासाठी बंद झाली व आता त्या मार्गावर रुंद रूळ आहेत. आम्ही महाविद्यालयात पहिल्या वर्षास असताना हिस्लॉपविषयी वाचले, आणि मे महिन्यात दोन मित्रांसह त्याच छोट्या गाडीने निघून सिलेवाड्याकडे पायी गेलो. बरोबर शिदोरी, पाण्याची सुरई व एक हातोडी होती. दिवसभर उन्हात आम्ही दगड फोडले. एकही पान सापडले नाही. बाभळीखाली बसलेला एक म्हातारा गुराखी बराच वेळ आमचा उद्योग पाहत होता. शेवटी तो म्हणाला, "दगडात काय पाहून रायले जी? दगड त दगडच रायते." आम्ही हसलो, पण उत्तर देता येईना. घरी परतल्यावर आईने विचारले, काय मिळाले? आम्ही म्हटले, काही नाही. मात्र त्या गुराख्यास काय सांगावयास हवे होते, याचा विचार आमच्या मनातून गेला नाही. आणि पुढे इतिहास हा विषय घेतला तेव्हा त्या न दिलेल्या उत्तराचा त्यात काही वाटा होता, असे आम्हांस आजही वाटते.

ही आठवण सांगण्याचे कारण सुखद नाही. तीन वर्षांपूर्वी आमचा पुतण्या दहावीची परीक्षा देऊन मोकळा झाला. तो सावनेरलाच राहतो. त्याने सायकलने छिंदवाड्यापर्यंत व तेथून तामियाजवळच्या पाताळकोटापर्यंत जाण्याचा बेत केला होता. हजार फुटांहून खोल असलेले ते दरीतले खोरे व तेथील गोंड-भारिया वस्त्या त्याला पाहावयाच्या होत्या. वहीत त्याने मुक्कामांची नावे व अंतरे लिहिली होती. आमच्या वडील बंधूंनी आमचा सल्ला विचारला. आम्ही प्राध्यापक, आमच्या शब्दाला घरात वजन. आम्ही म्हटले, "दादा, अकरावीचे वर्ग एप्रिलमध्येच सुरू होतात. स्पर्धा कठीण आहे. पाताळकोट कोठे पळून जात नाही, पुढच्या वर्षी जाईल." पुढच्या वर्षी बारावीचे वर्ग होते. त्याच्या पुढच्या वर्षी प्रवेशपरीक्षा होती. मुलाने कधी तक्रार केली नाही. गुण उत्तम मिळाले, प्रवेश मिळाला, सर्वत्र पेढे वाटले.

या वर्षी तो मोकळा आहे. आम्ही सावनेरला गेलो तेव्हा मोठ्या उत्साहाने त्याला विचारले, "काय रे, आता कोठे जाणार?" तो म्हणाला, "तुम्ही सांगाल तिथे जातो, काका."

तो उर्मटपणे बोलला नाही. उलट फार नम्रपणे बोलला, आणि म्हणूनच ते वाक्य आम्हांस लागले. तीन वर्षांपूर्वी ज्याच्यापाशी स्वतःचा बेत होता, त्याने आता प्रश्नही आमच्यावर सोपविला होता. पाताळकोट खरोखरच कोठे पळाला नव्हता. तेथे जाऊ इच्छिणारा मुलगा मात्र आता आम्हांस सापडत नव्हता.

आम्ही कोणास अभ्यास सोडण्याचा उपदेश करीत नाही. परीक्षा आहेत, त्या द्यावयाच्या आहेत, आणि मध्यम स्थितीतील कुटुंबास मुलाच्या पदवीवाचून दुसरी इस्टेट नसते, हे आम्ही जाणतो. वर्गाची फी भरणारा बाप मुलाचा शत्रू नव्हे. सुटीतील प्रवासासाठी काश्मीर किंवा विलायत हवी असेही नाही; हिस्लॉपला नागपूरच्या आठ-दहा कोसांत कोट्यवधी वर्षांचा इतिहास सापडला. आमचे म्हणणे इतकेच, की दीड महिन्याच्या सुटीतील निदान आठ दिवस असे असावेत, की ज्यांचा हिशेब मुलाने कोणाला द्यावयाचा नाही. त्यांत तो सुतारकाम शिको, मोडी वाचावयास बसो, एखाद्या नदीच्या काठाने उगमापर्यंत जावो, किंवा आमच्यासारखा रिकाम्या हाताने परत येवो. जुन्या लोकांनी अनध्याय पाळले ते आळसासाठी नव्हे; आम्ही मात्र वर्षातून एकदा येणारा मोठा अनध्यायही शिकवणीने भरून टाकला आहे.

पुतण्यास आम्ही कोठेही जाण्यास सांगितले नाही. त्याची ती जुनी वही वहिनींनी ट्रंकेतून शोधून काढली होती. ती व थोडे पैसे त्याच्या हाती दिले, आणि परत आल्यावर काय पाहिलेस हे आम्ही विचारणार नाही, असे कबूल केले. दोन दिवस वही तशीच पडून होती. तिसऱ्या दिवशी सकाळी दादांचा निरोप आला, की मुलगा सायकलच्या चाकांत हवा भरीत बसला आहे. कोठे जाणार हे त्याने सांगितलेले नाही, आणि त्यांनीही विचारलेले नाही.