परळ ते खारघर : अस्थिमज्जा प्रत्यारोपणाची चार दशके

परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात मार्च 1983 मध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या नऊ वर्षांच्या मुलीवर तिच्या भावाच्या अस्थिमज्जेचे, म्हणजे हाडांच्या पोकळीतील रक्तपेशी घडवणाऱ्या मऊ ऊतीचे, रोपण केले आणि भारतात या उपचाराचा पाया घातला गेला. हे तंत्र अडवाणी यांनी सिॲटल येथे डॉ. डोनॉल थॉमस यांच्याकडे आत्मसात केले होते. थॉमस यांना या कार्यासाठी 1990 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

दाता भाऊच असण्याला कारण होते. दाता व रुग्ण यांच्या पेशींवरील ओळखखुणा, ज्यांना एचएलए म्हणतात, जुळाव्या लागतात आणि एका सख्ख्या भावंडाशी त्या पूर्णपणे जुळण्याची शक्यता चारांत एक एवढीच असते. साहजिकच कुटुंबे आटोपशीर झाली तसे घरातले दाते कमी झाले, आणि निम्म्या जुळणीवर आई, वडील किंवा अपत्य यांच्या पेशी वापरण्याची पद्धत पुढे रूढ झाली. मायलोमा या प्लाझ्मा पेशींच्या कर्करोगात मात्र दात्याची गरज नसते, कारण रुग्णाच्याच मूळपेशी आधी काढून ठेवतात, तीव्र औषधे देतात आणि मग त्या परत सोडतात. या गटात मध्यमवयीन व प्रौढ रुग्ण अधिक, तर दात्याच्या पेशी लागणाऱ्या तीव्र रक्तकर्करोगात मुले व तरुणही बरेच असतात.

प्रत्यक्ष रोपण दिसायला फारसे नाट्यमय नसते, कारण पेशींची पिशवी रक्ताच्या बाटलीसारखीच शिरेतून चढवली जाते. खर्च वाढतो तो त्याच्या मागेपुढे: गाळलेल्या हवेची स्वतंत्र खोली, बुरशीविरोधी औषधे, वारंवार लागणाऱ्या प्लेटलेट, आणि दात्याच्या पेशींनी रुग्णाच्याच त्वचेवर, आतड्यांवर व यकृतावर हल्ला केल्यास त्यावरचे उपचार. म्हणूनच स्वतःच्या पेशींचे रोपण तुलनेने स्वस्त पडते, तर दात्याच्या पेशींच्या रोपणाचा आकडा सुरुवातीला नेमका सांगणे डॉक्टरांनाही अवघड जाते.

2007 च्या सुमारास टाटाचा अस्थिमज्जा प्रत्यारोपण विभाग खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटाच्याच कर्करोग केंद्रात गेला. ठाण्यातील वर्तकनगरसारख्या भागातल्या कुटुंबाला परळऐवजी ठाणे–पनवेल लोकल सोयीची झाली खरी, परंतु प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णाला लोकलच्या गर्दीत नेता येत नाही, आणि रोपणानंतरचे सुमारे 100 दिवस केंद्राच्या आसपास राहणे इष्ट असल्याने भाड्याची खोली घ्यावी लागते, शिवाय घरातील एका कमावत्या माणसाचे काम सुटते. उपचारांचा खर्च उचलणाऱ्या महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची मर्यादा दीड लाखावरून पाच लाखांवर नेण्याचा निर्णय राज्य सरकारने 2023 मध्ये घेतला. पण तो आधार रुग्णालयाच्या बिलापुरता आहे, खोलीचे भाडे आणि बुडालेला पगार कुटुंबालाच सोसावा लागतो.