विकत घेतलेला खेळ आणि त्याचे कुलूप



कामगार चळवळीतल्या माणसाने संगणकावरील खेळांविषयी बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. आम्हांला स्वतःला हे खेळ जमत नाहीत. पण आमचे वडील मुंबईत गिरणीत होते. पाळी सुटली की दरवाज्यावर झडती होई आणि शेकडो माणसे हात वर करून रांगेने पुढे सरकत. ज्यांना खरोखर माल बाहेर काढायचा असे, त्यांची वाट त्या दरवाज्यातून जात नसे, असे वडील सांगत. झडती होई ती रिकाम्या हातांनी घरी निघालेल्यांची. खेळांना घातलेल्या कुलपांचा इतिहास वाचताना तो दरवाजा आम्हांला वारंवार आठवला.

चोरी खोटी नव्हती, हे आधी कबूल केले पाहिजे. फ्लॉपीची नक्कल काही मिनिटांत होई. पुढे सीडी आल्या, तेव्हा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर नकली सीडी उघड मिळत आणि एस.टी.च्या पिशव्यांतून आमच्या रत्नागिरीपर्यंत पोहोचत. खेळ तयार करणारेही पगारावर जगणारे कामगारच आहेत. त्यांच्या श्रमाचे दाम बुडावे, असे आम्ही कोणत्या तोंडाने म्हणणार?

पण कुलपाने अडवले कोणाला, ते पाहा. १९८५ साली विलायतेत ‘एलिट’ या खेळाच्या खोक्यात प्लास्टिकचे एक भिंग येई. पडद्यावरची विस्कटलेली अक्षरे त्यातून वाचून टाइप केल्याशिवाय खेळ उघडत नसे. काही खोक्यांत भलत्याच खेळाचे भिंग गेले आणि दाम मोजलेले गिऱ्हाईक दाराबाहेर राहिले! ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ तर आपल्याकडच्या कित्येकांनी शाळेत असताना खेळला असेल. त्यात अक्षरे लिहिलेल्या कुप्यांची एक खोली लागे. खोक्यातल्या पुस्तिकेच्या अमुक पानावरच्या, अमुक ओळीतल्या, अमुक शब्दाचे पहिले अक्षर शोधून तीच कुपी प्यायची. नकलेवर खेळणाऱ्यांनी उत्तरांचे झेरॉक्स करून घेतले. पुस्तिका हरवून बसलेला खरा खरेदीदार मात्र अडला. लाहोरच्या दोघा भावांनी आपल्या वैद्यकीय सॉफ्टवेअरची नक्कल रोखण्यासाठी १९८६ साली ‘ब्रेन’ नावाचा विषाणू सोडला, तो फ्लॉपीवरून जगभर फिरला. ज्यांनी ते सॉफ्टवेअर कधी पाहिलेही नव्हते, त्यांच्या घरांत तो शिरला.

कुलपाची आमची स्वतःची ओळख खेळातून झाली नाही, मराठी अक्षरांतून झाली. डीटीपीची दुकाने निघाली त्या काळात मराठी टाइपाच्या सॉफ्टवेअरबरोबर डाँगल येई, म्हणजे संगणकाच्या पाठीमागे, प्रिंटरच्या जागी लावायचा बोटभर ठोकळा. तो नसेल तर मराठीचे एक अक्षर उमटत नसे. आमची पत्रके ज्या दुकानात होत, तिथला ठोकळा एका पावसाळ्यात विजेच्या धक्क्याने मेला. निदर्शने तीन दिवसांवर आली होती. कंपनीने सांगितले, जुना ठोकळा पाठवा, तपासू, मग नव्याचे बघू. पलीकडच्या गल्लीत तेच सॉफ्टवेअर कुलूप फोडून बिनबोभाट चालले होते. आमचा दुकानदार मानी. तिकडे जाऊ देईना. ते पत्रक शेवटी आम्ही हाताने लिहून झेरॉक्स केले.

पुढे कुलूप इंटरनेटवर गेले. २००८ साली ‘स्पोअर’ हा खेळ निघाला. तो आरंभी तीनच संगणकांवर सुरू करता येई. लोक इतके संतापले की आकडा पाचावर न्यावा लागला. तरीही त्याच्या चोरट्या नकला लाखोंनी उतरल्या गेल्या. २०१० साली यूबीसॉफ्टने ‘असॅसिन्स क्रीड २’ खेळताना संगणक सतत जोडलेला असण्याची अट घातली. मार्चमध्ये कंपनीच्या सर्व्हरवर हल्ला झाला आणि विकत घेणारेच बाहेर अडकले.

सतत जोडलेला! ही अट लिहिणाऱ्याने कोकणातला जून पाहिलेला नसावा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आले, तेव्हा मंडणगड-दापोलीकडची कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात होती. दिवे आल्यावरही रेंज येईलच असे नव्हते.

कायदा या बाबतीत कुलपापेक्षा शहाणा आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे ५२ वे कलम संगणकाच्या प्रोग्रॅमची, तो हरवण्या-बिघडण्याच्या भीतीने, राखीव प्रत काढण्याची मुभा कायदेशीर धारकाला देते. २०१२ साली ६५अ कलम आले. कुलूप फोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड त्यात आहे, परंतु हक्क मोडण्याचा हेतू असेल तरच. अमेरिकेचा १९९८ चा कायदा याहून कितीतरी कडक. तेव्हा आपला कायदा म्हणतो, प्रत काढ. कुलूप म्हणते, काढून दाखव. कुलपाशी वाद घालायला ना कचेरी, ना सुनावणी. आमच्यासारख्या वाटाघाटीत आयुष्य घालवलेल्या माणसाला हे फार खुपते.

‘द क्रू’ हा मोटारींचा खेळ २०१४ साली विक्रीस आला. एकट्याने खेळायचा म्हटला तरी कंपनीचा सर्व्हर लागे. ३१ मार्च २०२४ ला तो बंद झाला आणि पैसे दिलेल्यांच्या हाती रिकामी तबकडी उरली. त्यातून युरोपात उठलेल्या मागणीअर्जावर जुलै २०२५ पर्यंत दहा लाखांच्या वर सह्या झाल्या. सह्यांची मोहीम काय असते, हे आम्ही जाणतो. दहा लाख सह्या गंमत म्हणून होत नाहीत.

चिपळूणला आमच्या एका सहकाऱ्याचे घर आहे. २२ जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठीचे पाणी त्याच्या माळ्याला लागले. मुलाच्या खेळांच्या जुन्या, पावतीसह घेतलेल्या सीडी चिखलातून निघाल्या. त्याच्या बायकोने त्या साबणाने धुतल्या, फडक्याने पुसून कपाटात ठेवल्या. नवा संगणक आल्यावर मुलाने एकेक लावून पाहिली. संगणक सीडी वाचत होता, पण खेळ सुरू होईना. त्यांवरचे ‘सेफडिस्क’ हे कुलूप संगणकाच्या सुरक्षिततेला घातक म्हणून मायक्रोसॉफ्टने २०१५ सालच्या विंडोज १० मधून काढून टाकले होते. किल्लीची जागाच बुजली होती. पुराने त्या सीडींना काही केले नव्हते.