बंबखान्याचे दार

'बंब' हा शब्द मराठीत दोन घरी नांदला. न्हाणीघरात पाणी तापवणारा तांब्याचा बंब आणि रस्त्यावरून घंटा वाजवीत धावणारा आगीचा बंब. दोहोंचे मूळ पोर्तुगीज 'बोंबा'त, म्हणजे पंपात, सापडते. एकाच्या पोटात विस्तव, दुसरा विस्तवाचा वैरी. भाषेला त्याचे काही वाटले नाही. या दुसऱ्या बंबाच्या घराला लोक बंबखाना म्हणत. पुढे त्याचे 'अग्निशमन केंद्र' झाले आणि नावाबरोबर लोकांची त्या वास्तूशी असलेली सलगीही ओसरली, असे मला वाटते.

मुंबईत १८५५ साली घोड्यांनी ओढायचे बंब पोलिसांच्या ताब्यात होते; १८८७ साली स्वतंत्र दल उभे राहिले. भायखळ्याचे मुख्यालय पाहिले की त्या काळाची दृष्टी कळते. गॉथिक धाटणीची, मनोऱ्याची ती इमारत नगराची शोभा म्हणूनच बांधलेली आहे. असे मनोरे निव्वळ दिमाखासाठी नसत. त्यांवरून शहरावर नजर ठेवता येई, आणि भिजलेले कॅनव्हासचे लांबलचक पाईप आत टांगून वाळवता येत. दूरध्वनीने पहारा संपवला, कृत्रिम धाग्याच्या पाईपांनी वाळवण संपवले. मनोरा गेला, उरली ती शटर लावलेली गाड्यांची शेड.

नाशिकची नगरपालिका १८६४ची, महानगरपालिका १९८२ची. अग्निशमन दलाचे मुख्यालय शिंगाडा तलावावर आहे. तळे फक्त नावात उरलेल्या जागी पाण्याचे बंब उभे असावेत, हा योगायोग मोठा बोलका. तेथून जवळच जुने नाशिक : लाकडी खांब-तुळयांचे वाडे, सराफ बाजाराच्या आणि भद्रकालीच्या अरुंद गल्ल्या. अशा गल्लीत गाडी अडते, माणूस अडत नाही. म्हणून पहिली काही मिनिटे शेजाऱ्यांचीच असतात. त्या शेजाऱ्याला गॅसची टाकी कशी हाताळावी, जिन्यातली अडगळ का काढावी, हे कोणी आणि कोठे शिकवायचे? शिवाय या शहरात दलाचे काम आगीपुरते नाही. १९ सप्टेंबर २००८ रोजी गोदावरीला महापूर आला. पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर चढले यावर पूर मोजणाऱ्या या गावाला बंबवाल्यांचे ते दुसरे कामही ठाऊक आहे.

तरीही सामान्य नागरिक केंद्राची पायरी चढतो तो बहुधा ना हरकत दाखल्यासाठी. राज्याच्या २००६च्या कायद्याने इमारतींतील अग्निसुरक्षेचे दायित्व मालकावर टाकले, हे योग्यच झाले. पण ओळख कागदाची झाली, माणसांची नाही.

लोकांचे स्वागत करणारे केंद्र म्हणजे काचेचा महाल नव्हे. जर्मनीत व्हिट्रा कारखान्याच्या आवारात झाहा हदीद यांनी १९९३ साली बांधलेले अग्निशमन केंद्र जगभर गाजले; पण दल तेथे फार काळ राहिले नाही, आज तेथे प्रदर्शने भरतात. पाहुणे आले आणि यजमान निघून गेले! खरी मेख साधी आहे. गाड्या सुटण्याची वाट आणि लोकांच्या येण्याची वाट एकमेकींना छेदता कामा नयेत. गाड्या रस्त्यावरून दिसाव्यात, कवायतीच्या अंगणाला बाजूने सावलीची पडवी असावी, दर्शनी भागात शिकवणीची एक खोली असावी. आणि जवानांची झोपण्याची जागा मात्र या वर्दळीपासून दूर असावी, कारण त्यांची विश्रांती ही आपलीच सुरक्षितता आहे. २०२७च्या सिंहस्थासाठी शहरात इतके सिमेंट ओतले जात असताना एका पडवीचा खर्च जड वाटू नये.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाजाचा स्फोट झाला आणि दलाचे ६६ जवान मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह देशभर पाळतात. त्या सात दिवसांत प्रात्यक्षिके होतात, शाळेतली पोरे बंबाभोवती गोळा होतात, शिडी किती उंच जाते ते विचारतात. २१ तारखेला फाटक पुन्हा लोटले जाते.