पार आणि टपाल

गावचा पार थोर की घरचे टपाल थोर, असा वाद कुणी घातला तर आपण हसू. पण संगणकाच्या जगात हा वाद खरोखरीच झाला, आणि ती हकिगत मला मोलाची वाटते.

१९७९ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या दोघा विद्यार्थ्यांनी यूजनेटची कल्पना काढली. एका संगणकाने टेलिफोनच्या तारेवरून दुसऱ्याला मजकूर द्यायचा, त्याने पुढच्याला. तिथल्या विषयवार फडांना न्यूजग्रुप म्हणत. इथले पत्र कुणा एकाच्या नावे नसे. येईल त्याने वाचावे, वाटल्यास उत्तर द्यावे. हा झाला पार. मेलिंग लिस्टची रीत निराळी. एका पत्त्यावर पत्र धाडले की त्याची प्रत प्रत्येक सभासदाच्या पेटीत जाऊन पडते. हे झाले टपाल.

पाराचे ऋण मोठे. २७ सप्टेंबर १९८३ रोजी रिचर्ड स्टॉलमन यांनी सर्वांसाठी मुक्त अशी ग्नू प्रणाली रचण्याचा संकल्प न्यूजग्रुपवरच सोडला. २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मिनिक्सच्या न्यूजग्रुपवर लिहिले, की मी हौसेखातर एक प्रणाली करतो आहे, तुम्हांला काय हवे ते सांगा. तीच पुढे लिनक्स झाली. १९९२ च्या जानेवारीत मिनिक्सचे कर्ते प्राध्यापक टॅनेनबॉम यांनी तिथेच लिनक्सची रचना जुनाट ठरवली, आणि पोराने प्रोफेसरांना चारचौघांत जबाब दिला! पारावर पदवी कोण विचारतो?

पण पाराला दार नसते. एप्रिल १९९४ मध्ये दोघा अमेरिकन वकिलांनी आपली जाहिरात हजारो न्यूजग्रुपांवर चिकटवली. मागाहून तशा जाहिरातींचा पूर लोटला. गोंगाटात कामाचे बोलणे ऐकू येईना. लिनक्सच्या गाभ्याचे काम मात्र मेलिंग लिस्टवर स्थिरावले. तिथे केरकचरा एकाच उंबरठ्यावर गाळता येतो. दुरुस्ती पत्रातूनच धाडता येते आणि इतरांना तिच्या ओळीओळीवर शेरा मारता येतो. आजही दिवसाला शेकडो पत्रे तिथे पडतात. उलट २०१० साली ड्यूकनेच आपला यूजनेटचा संगणक बंद केला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये गूगलनेही तिथला नवा मजकूर घेणे थांबवले.

टपाल जिंकले, हे रास्तच झाले. लिस्टची जुनी पत्रेही कुणालाही वाचता येतात. पण ती कुठे आहेत हे आधी ठाऊक असावे लागते. पारावर मात्र वाटसरू सहज थबकतो. १९९१ साली त्या पोराला ओळखीचे चार सभासद पुरले नसते; त्याला अनोळखी माणसेच हवी होती. म्हणून अशा कामाची सूत्रे ज्यांच्या हाती आहेत, त्यांनी टपाल खुशाल चालवावे; पण गावात एखादा पार राखावा, असे मला वाटते.