दारेस्सलामचें विद्यापीठ आणि राष्ट्राचा इतिहास

‘राष्ट्रीय विद्यापीठ’ हा शब्द आपल्याकडे इतका सर्रास वापरला जातो कीं, त्याचा नेमका अर्थ काय हें पाहण्याची गरज सहसा कोणास भासत नाहीं. सरकार पैसा पुरवितें म्हणून विद्यापीठ राष्ट्रीय होतें, कीं देशांतील सर्व प्रांतांचे विद्यार्थी तेथें येतात म्हणून होतें? कीं राज्यकर्त्यांनीं सांगितलेलें कार्य तें बिनतक्रार करतें म्हणून? ह्या प्रश्नांचा निर्णय व्याख्येनें होण्यासारखा नाहीं. त्यासाठीं एखाद्या विद्यापीठाचें चरित्रच तपासलें पाहिजे. ह्या लेखांत आम्हीं पूर्व आफ्रिकेंतील टांझानिया देशाचें दारेस्सलाम विद्यापीठ विचारार्थ घेतलें आहे. राष्ट्राला त्याचा स्वतःचा इतिहास मिळवून देणें हें आपलें कर्तव्य आहे, असें ह्या विद्यापीठानें आरंभींच मानलें. आणि त्या कामीं त्याला आलेलें यश व अपयश हीं दोन्हीं इतिहाससंशोधनाच्या अभ्यासकांनीं पाहण्यासारखीं आहेत.

स्थापना

टांगानिका हा मुलूख प्रथम जर्मनांच्या व पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांच्या ताब्यांत होता. इंग्रजी अमदानींत तेथील तरुणास उच्च शिक्षण घ्यावयाचें तर शेजारच्या युगांडांतील मकेरेरे येथें जावें लागे. पुढें राष्ट्राचे पहिले अध्यक्ष झालेले जूलियस न्येरेरे हेही तेथेंच शिकले होते. स्वातंत्र्य दृष्टिपथांत येतांच आपल्या भूमीवर विद्यालय असावें अशी निकड नेत्यांस वाटूं लागली. स्वतंत्र इमारत बांधण्यास अवकाश नव्हता. तेव्हां टांगानिका आफ्रिकन नॅशनल युनियन ह्या राजकीय पक्षानें लुमुंबा रस्त्यावरील आपली इमारत दिली, व २५ ऑक्टोबर १९६१ रोजीं तेथें युनिव्हर्सिटी कॉलेज सुरू झालें. शाखा एकच, ती कायद्याची. आणि विद्यार्थी पंधराहूनही कमी. देश स्वतंत्र झाला तो ९ डिसेंबर १९६१ रोजीं. म्हणजे राष्ट्राच्या आधीं पंचेचाळीस दिवस त्याचें विद्यालय जन्मास आलें.

कायद्यापासूनच आरंभ कां, असें कोणी विचारील. वैद्यकाची सोय मकेरेरे येथें होती, स्थापत्य व यंत्रविद्या ह्यांची नैरोबी येथें होती; कायदा मात्र पूर्व आफ्रिकेंत कोठेंच शिकविला जात नव्हता. शिवाय ज्यांना उद्यां राज्य चालवावयाचें, त्यांना कायदे करणारी व कायदे लावणारी माणसें आपलींच हवीं होतीं.

हें कॉलेज स्वतंत्र राष्ट्राचें खरें, पण पदवी द्यावयाची ती लंडन विद्यापीठाची, अशी प्रारंभीची व्यवस्था होती. मुंबईचें विद्यापीठ १८५७ सालीं लंडनच्याच घडणीवर उभारलें गेलें, हें वाचकांस ठाऊक आहे. त्यानंतर शंभरांहून अधिक वर्षांनीं अरबी समुद्र व हिंदी महासागर ह्यांच्या पैलतीरीं तोच सांचा पुन्हा वापरला गेला. १९६३ सालीं मकेरेरे, नैरोबी व दारेस्सलाम ह्या तीन कॉलेजांचें मिळून पूर्व आफ्रिका विद्यापीठ झालें व न्येरेरे त्याचे कुलपति झाले. १९६४ सालीं कॉलेज शहराबाहेर सुमारे तेरा किलोमीटरांवरील टेकडीवर गेलें. त्यावरूनच लोक त्याला ‘म्लिमानी’, म्हणजे डोंगरावरचें, असें म्हणतात. पुढें तीन देशांचा एकोपा टिकला नाहीं. संयुक्त विद्यापीठ मोडलें, आणि १ जुलै १९७० पासून दारेस्सलामचें विद्यापीठ टांझानियाचें राष्ट्रीय विद्यापीठ म्हणून स्वतंत्रपणें नांदूं लागलें. त्याचें बोधवाक्य ‘हेकिमा नि उहुरू’ असें आहे. ‘शहाणपण म्हणजेच स्वातंत्र्य’ असा त्याचा अर्थ.

विद्यापीठाचें कार्य कोणीं ठरवावें?

डोंगरावरच्या ह्या विद्यापीठाचा पायथ्याच्या राष्ट्राशीं संबंध काय असावा, हा वाद लवकरच पेटला. पदवीधरांनीं दोन वर्षें राष्ट्रीय सेवा करावी, व त्यांतील बराच काळ वेतनाच्या चाळीस टक्क्यांवर काम करावें, असें सरकारनें ठरविलें. २२ ऑक्टोबर १९६६ रोजीं विद्यार्थ्यांनीं त्याविरुद्ध मोर्चा नेला. परकीयांचें राज्य ह्याहून बरें होतें, अशा अर्थाचा एक फलकही त्यांत होता. न्येरेरे संतप्त झाले. गरीब शेतकऱ्यांच्या पैशावर शिकलेल्यांनीं त्याच शेतकऱ्यांची सेवा नाकारावी, हें त्यांस असह्य झालें. त्यांनीं सुमारे ४०० विद्यार्थ्यांस घरीं पाठविलें, आणि अधिकाऱ्यांचे पगार जास्त आहेत हें मान्य करून स्वतःचें वेतन तेथल्या तेथें वीस टक्क्यांनीं कमी केलें. बहुतेक विद्यार्थ्यांस पुढें परत घेण्यांत आलें. फेब्रुवारी १९६७ मध्यें अरुशा येथें समाजवादी धोरणाची घोषणा झाली, आणि पुढच्याच महिन्यांत अशा राष्ट्रांत विद्यापीठाचें स्थान काय ह्याचा विचार करण्यासाठीं कॉलेजांत परिषद भरली.

येथवर पाहतां न्याय सरकारच्या बाजूला आहे असेंच कोणीही म्हणेल. परंतु १९७८ सालीं विद्यार्थी पुन्हा रस्त्यावर आले, तेव्हां त्यांचा आक्षेप स्वतःच्या वेतनाविषयीं नव्हता. लोकप्रतिनिधींच्या व मंत्र्यांच्या सवलती वाढविण्यास त्यांचा विरोध होता. न्येरेऱ्यांनीं बारा वर्षांपूर्वीं जें शिकविलें तेंच ते बोलत होते. तरीही शेंकडों विद्यार्थ्यांस काढून टाकण्यांत आलें. ‘चेचे’, म्हणजे ठिणगी, नांवाचें विद्यार्थ्यांचें समाजवादी नियतकालिक १९७० सालींच बंद करण्यांत आलें होतें. तें सरकारच्याच ध्येयाचा अधिक कडक पुरस्कार करीत होतें. ह्या घटना एकत्र ठेवून पाहिल्या म्हणजे राष्ट्र व राज्यसंस्था ह्या दोन वस्तु एक नव्हेत, हें स्पष्ट होतें. जें विद्यापीठ राष्ट्राचें आहे, त्याला राज्यसंस्थेस अप्रिय असें बोलण्याचा प्रसंग येणारच.

‘माजी माजी’ची साधनें

आतां इतिहासाकडे वळूं. १९६३ सालीं ऑक्सफर्डचे प्राध्यापक ह्यू ट्रेव्हर-रोपर ह्यांनीं, आफ्रिकेचा इतिहास म्हणजे तेथील युरोपीयांचाच इतिहास, बाकी सर्व अंधार, अशा आशयाचें मत मांडलें. त्याच वर्षीं दक्षिण ऱ्होडेशियाच्या गोऱ्या सरकारनें हद्दपार केलेले टेरेन्स रेंजर हे दारेस्सलाम येथें इतिहासाचे पहिले प्राध्यापक म्हणून आले. १९६५ सालीं तेथें आफ्रिकेच्या इतिहासाची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. इसारिया किमांबो, आर्नोल्ड तेमू, जॉन इलिफ ही मंडळी कामास लागली, आणि १९६९ सालीं किमांबो व तेमू ह्यांनीं संपादिलेला टांझानियाचा इतिहास प्रसिद्ध झाला. प्रांतोप्रांतींचे लोक शेती, व्यापार, राज्यें, उठाव ह्यांत स्वतः कर्ते म्हणून वावरले, हें दाखविणें हा ह्या पंथाचा मुख्य बाणा होता.

ह्या कार्याची खरी कसोटी ‘माजी माजी’च्या संशोधनांत लागली. ‘माजी’ म्हणजे पाणी. जर्मनांनीं लोकांकडून सक्तीनें कापूस लावून घेण्यास आरंभ केला. १९०५ च्या जुलै महिन्यांत मातुंबीच्या डोंगराळ मुलुखांत लोकांनीं तीं झाडें उपटून फेंकलीं, व उठावास तोंड लागलें. न्गारांबे येथील किंजिकितिले नांवाच्या पुरुषानें दिलेल्या मंतरलेल्या पाण्यानें बंदुकीच्या गोळीचें पाणी होतें, अशी श्रद्धा पसरली होती. त्याला त्याच वर्षीं ४ ऑगस्टला फांशीं देण्यांत आलें. पण पाणी गांवोगांव गेलें, व दक्षिणेकडील वीसांहून अधिक जमाती उठल्या. जर्मनांनीं पिकें व कोठारें जाळलीं. १९०७ पर्यंत उठाव संपला. मागोमाग दुष्काळ आला. मृतांची संख्या जर्मनांच्या हिशेबीं ७५,००० होती. गिल्बर्ट ग्वासा ह्या टांझानियन संशोधकानें ती अडीच ते तीन लाख धरली आहे.

ह्या युद्धाचे लेखी कागद जवळजवळ सर्व जर्मन अधिकाऱ्यांचे व मिशनऱ्यांचे. मारणाऱ्यांनीं लिहिलें, मेलेल्यांच्या बाजूनें कागद नाहीं. १९६८ सालीं कॉलेजच्या इतिहास विभागानें आपल्या विद्यार्थ्यांस त्यांच्या त्यांच्या मुलुखांत पाठविलें व वृद्ध माणसांच्या जबान्या लिहून आणविल्या. उठावास त्या वेळीं त्रेसष्ट वर्षें झालीं होतीं. दहा वर्षांच्या पोरानें जें पाहिलें, तें सांगण्यास तो आतां त्र्याहत्तर वर्षांचा म्हातारा असावयाचा. आणखी दहा वर्षें दिरंगाई झाली असती, तर तें साधन कायमचें बुडालें असतें. शिवाय ह्या कामास परदेशी पंडित एकटा पुरा पडला नसता. आजोबांची बोली जाणणारा नातूच विद्यार्थी म्हणून हाताशीं होता, हें राष्ट्रीय विद्यापीठ असण्याचें प्रत्यक्ष फळ होय.

मौखिक साधनाविषयीं आमच्या वाचकांस संशय येणें साहजिक आहे. वेदपाठकांनीं पद, क्रम, जटा, घन अशा योजनांनीं एकेक अक्षर जतन केलें, तशी ही परंपरा नव्हे. ती सैल स्मृति आहे, सांगणाऱ्यागणिक बदलते. म्हणूनच एका गांवची जबानी दुसऱ्या गांवच्या जबानीशीं, आणि दोन्हीं जर्मन कागदांशीं ताडून पाहाव्या लागल्या. त्यांतून निघालेला निष्कर्ष राज्यकर्त्यांच्या पूर्ण सोयीचा नव्हता. न्येरेऱ्यांनीं १९५६ सालीं संयुक्त राष्ट्रसंघापुढें ‘माजी माजी’चा उल्लेख आपल्या लोकांचा परसत्तेविरुद्धचा लढा म्हणून केला होता, आणि नव्या राष्ट्राला हीच कथा पहिलें स्वातंत्र्ययुद्ध म्हणून हवी होती. जबान्यांवरून लोकांचें शौर्य व जमातींची व्यापक एकी हीं सिद्ध झालीं खरीं. परंतु प्रत्येक मुलुखाचें उठण्याचें कारण निराळें होतें, कोणी शेजाऱ्याशीं असलेल्या जुन्या वैरापायींही हत्यार उचललें, कोणी जर्मनांच्या बाजूस राहिलें, हेंही त्यांतून व पुढील संशोधनांतून उघड झालें. गौरवगाथा लिहावयास बसलेल्यानें असा पुरावा दडपला असता. विद्यापीठानें तो जतन केला, ह्यांत त्याची थोरवी आहे. त्याच कॉलेजांत शिकलेल्या इब्राहिम हुसेन ह्यांनीं १९६९ सालीं ‘किंजेकेतिले’ हें स्वाहिली नाटक लिहिलें, त्याचा नायक ह्याच उठावांतील आहे.

पुढें ह्या पंथावर घरांतूनच टीका झाली. गयानाचे वॉल्टर रॉडनी १९६६-६७ व १९६९ ते १९७४ ह्या काळांत तेथें शिकवीत होते. युरोपनें आफ्रिकेचा विकास कसा खुंटविला हें दाखविणारा त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ १९७२ सालचा. आफ्रिकी माणूस कर्ता होता एवढें सांगून भागत नाहीं, त्याचें दारिद्र्य कोणत्या व्यवस्थेनें घडविलें हें सांगितलें पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. १९८१ सालीं तेमू व स्वाई ह्यांनीं आपल्याच पूर्वीच्या इतिहासलेखनाची ग्रंथरूपानें चिकित्सा केली. ज्या पंथाचा एक प्रवर्तकच बारा वर्षांनीं त्याचा टीकाकार होऊं शकतो, तो पंथ जिवंत समजावा.

भाषेचा प्रश्न

स्वाहिली ही मूळची किनाऱ्याची भाषा. अरबी ‘साहिल’, म्हणजे किनारा, ह्यावरून तिचें नांव पडलें. मराठी माणसास ती सर्वस्वीं परकी वाटूं नये. आपलें दफ्तर तेथें ‘दफ्तारी’ म्हणून, हिशेब ‘हेसाबू’ म्हणून व खबर ‘हबारी’ म्हणून भेटते. आणि आपल्या व्यापाऱ्यांच्या तोंडची ‘हुंडी’ व ‘गाडी’ तेथें ‘हुंडी’ व ‘गारी’ ह्या रूपांनीं रुळली आहे. ह्या भाषेच्या प्रमाणीकरणासाठीं १९३० सालीं स्थापिलेली समिति १९६४ सालीं कॉलेजांत विलीन होऊन तिची संशोधनसंस्था झाली. स्वाहिलीचा स्वाहिलींतच अर्थ देणारा प्रमाणकोश तिनें १९८१ सालीं प्रसिद्ध केला. १९७० पासून विद्यापीठाचा स्वाहिली विभाग आपला विषय स्वाहिलींतूनच शिकवीत आहे.

इतकें असूनही इतर बहुतेक विषयांचें अध्यापन इंग्रजींतच चालतें. प्राथमिक शाळेंत स्वाहिली, माध्यमिकापासून पुढें मुख्यतः इंग्रजी, अशी देशाची व्यवस्था आहे. मुंबई विद्यापीठांत मराठीला जागा मिळावी म्हणून न्यायमूर्ति रानड्यांस किती दीर्घ खटपट करावी लागली, हें ज्यांस ठाऊक आहे, त्यांस ह्या कोड्याचें नवल वाटणार नाहीं. परंतु इतिहासाच्या बाबतींत त्याचा परिणाम विशेष बोचतो. म्हाताऱ्यानें आपल्या भाषेंत जबानी दिली. तिच्या आधारें लिहिलेला ग्रंथ इंग्रजींत निघाला. आणि प्राथमिक शाळेनंतर शेतीस लागलेला त्या म्हाताऱ्याचा नातू तो वाचूं शकत नाहीं. पुरावा पायथ्याकडून टेकडीवर गेला, निर्णय मात्र पुरता खालीं उतरला नाहीं.

उपसंहार

विद्यापीठाच्या शाखांतून पुढें स्वतंत्र विद्यापीठें निघालीं: मोरोगोरो येथील कृषिशाखेचें १९८४ सालीं सोकोइने कृषि विद्यापीठ झालें, व मुहिंबिली येथील वैद्यकशाखा २००७ सालीं स्वतंत्र विद्यापीठ झाली. पंधराहून कमी विद्यार्थ्यांनीं आरंभिलेलें काम आज हजारोंच्या घरांत गेलें आहे. ह्या विस्ताराचें मोल कमी नाहीं. वैद्य, वकील व शिक्षक ह्यांवांचून राष्ट्र चालत नाहीं. पण असे वैद्य व वकील परदेशीं शिकूनही मिळतात. ‘माजी माजी’च्या जबान्या मात्र परदेशांतील कोणत्याही विद्यापीठानें वेळेवर जमविल्या नसत्या.

ह्यावरून आमचें मत असें झालें आहे कीं, विद्यापीठ राष्ट्रीय आहे कीं नाहीं हें दोन गोष्टींवरून ओळखावें. राष्ट्राची आठवण त्यानें पुराव्याच्या कसोटीस लाविली काय, ही पहिली. आणि त्यांतून जें सिद्ध झालें तें लोकांच्या भाषेंत लोकांस परत दिलें काय, ही दुसरी. दारेस्सलामनें पहिली गोष्ट पुष्कळ अंशीं साधली आहे. दुसरीची सामग्री, म्हणजे कोश, भाषासंस्था व अध्यापक, त्याच्या टेकडीवर सिद्धच आहे. ती इतिहासाच्या कामीं लावणें उरलें आहे.