फॉलिक ॲसिडची गोळी: परळपासून तुमच्या पर्सपर्यंत

पाळी चुकली, घरीच टेस्ट केली, दोन रेषा दिसल्या की पुढे काय होतं हे तुम्हाला माहीत आहे. घरातल्या दोघीतिघींना कळतं, "तीन महिने होईपर्यंत बाहेर कुणाला बोलू नका" असं ठरतं आणि डॉक्टरकडे जायचं "बघू पुढच्या आठवड्यात" म्हणून लांबतं. गेल्यावर चिठ्ठीवर बहुतेक पहिलं औषध असतं फॉलिक ॲसिड. स्वस्त, साधी गोळी. ती कशासाठी, असं विचारलं तर बऱ्याच जणी सांगतात, "रक्तवाढीसाठी." हे उत्तर चूक नाही, पण अर्धंच आहे. उरलेलं अर्धं समजायला जवळजवळ शंभर वर्षं मागे, मुंबईतल्या परळला जावं लागेल.

१९२८ साली लुसी विल्स नावाची चाळिशीची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. तिचं केंब्रिजमधलं पहिलं शिक्षण वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्राचं, डॉक्टरकी नंतरची. गरोदरपणात आणि बाळंतपणात बायका का दगावतात, याचा शोध डॉ. मार्गारेट बाल्फोर मुंबईत घेत होत्या. त्यांच्या कामात विल्स सामील झाली. जागा होती हाफकिन इन्स्टिट्यूट, म्हणजे परळमधला गव्हर्नरांचा जुना बंगला.

गिरण्यांत काम करणाऱ्या आणि गरीब वस्त्यांत राहणाऱ्या गरोदर बायकांमध्ये एक विचित्र पंडुरोग दिसत होता. रक्त कमी, पण उरलेल्या लाल पेशी लहान होण्याऐवजी नेहमीपेक्षा मोठ्या. लोह कमी पडलं की पेशी लहान होतात, म्हणजे हा प्रकार वेगळा होता. विल्सने जंतूंचा संशय पडताळून पाहिला, मग या बायका काय खातात याची चौकशी केली. ज्यांच्या जेवणात दूध, भाज्या आणि फळं सर्वांत कमी, त्यांच्यातच हा आजार जास्त, असं चित्र दिसलं.

मग उंदरांवर आणि पुढे माकडांवर प्रयोग झाले. उंदरांना या बायकांसारखंच निकस अन्न दिलं, त्यांचं रक्त उतरलं आणि यीस्ट दिल्यावर ते टिकलं. गंमत म्हणजे, उंदरांचा तो पंडुरोग उवांनी पसरवलेल्या एका जंतूमुळे होता, हे नंतर उघड झालं. वाट थोडी चुकीची होती, पण विल्स पोचली बरोबर ठिकाणी. कारण खरी परीक्षा पेशंटवर झाली. तिने या बायकांना मार्माइट दिलं. बिअर गाळताना उरलेल्या यीस्टपासून केलेला हा काळपट, खारट, चिकट पदार्थ इंग्रज लोक पावाला लावून खातात. चव म्हणाल तर आपल्या जिभेला कठीणच! पण स्वस्त. आणि बायका भराभर सुधारल्या. १९३१ मध्ये हे निष्कर्ष ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आले. यीस्टमधला तो अनोळखी घटक पुढे 'विल्स फॅक्टर' या नावाने ओळखला गेला.

तो घटक नेमका कोणता, हे कळायला आणखी दहा वर्षं गेली. १९४१ मध्ये अमेरिकेत चार टन पालकातून तो वेगळा काढला गेला. लॅटिनमध्ये पानाला 'फोलियम' म्हणतात, म्हणून नाव पडलं फॉलिक ॲसिड. १९४५ मध्ये तो प्रयोगशाळेत तयार झाला, लेडर्ली कंपनीत, आणि तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. शाळेच्या पुस्तकात हे नाव ठळक असायला हवं, असं मला नेहमी वाटतं.

इथपर्यंतची गोष्ट रक्ताची. पण नवी पेशी तयार होताना तिच्या डीएनएची नक्कल करावी लागते आणि त्या कामात फॉलिक ॲसिड लागतं. मग पेशी सर्वांत वेगाने कुठे वाढतात? पोटातल्या गर्भात. १९६५ मध्ये लिव्हरपूलच्या हिबर्ड आणि स्मिथेल्स यांनी दाखवलं की मेंदू-मणक्यात जन्मजात दोष असलेल्या बाळांच्या आयांमध्ये फॉलिक ॲसिडची कमतरता जास्त आढळते. वाद बरीच वर्षं चालला. शेवटी सात देशांत मोठी चाचणी झाली, आधी असं बाळ झालेल्या स्त्रियांवर. १९९१ मध्ये निकाल आला: गर्भधारणेच्या आधीपासून गोळी घेतली तर हा दोष पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवली.

'आधीपासून' हा शब्द महत्त्वाचा आहे. हिशोब करून बघा. समजा पाळी १ तारखेला आली. गर्भधारणा साधारण १५ तारखेला, २९ ला पाळी चुकली. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून घडतात, ती नळी गर्भधारणेपासून २८ दिवसांत बंद होते, म्हणजे पुढच्या महिन्याच्या १२-१३ तारखेपर्यंत. पाळी चुकल्यावर जेमतेम दोन आठवडे! तुम्ही आठव्या-दहाव्या आठवड्यात आमच्याकडे येता तेव्हा ते काम उरकलेलं असतं. तीन महिने कुणाला सांगायचं नाही, हे ज्याच्या त्याच्या घरचं. डॉक्टरला मात्र त्यातून वगळा.

म्हणून मूल हवं असं ठरलं की निदान एक महिना आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम आणि दिवस गेल्यावर बारा आठवडे पूर्ण होईपर्यंत. दुकानात ५ मिलिग्रॅमची गोळीही मिळते, ती याच्या साडेबारापट. आधीच्या बाळाला असा दोष असेल, तुम्हाला मधुमेह असेल किंवा फिट्सची औषधं चालू असतील तर मोठा डोस लागतो. तो आम्ही ठरवतो, मैत्रिणीची चिठ्ठी बघून घेऊ नका. पालक, मेथी, डाळी, हरभरे जरूर खा. पण भाजी उकळून पाणी ओतून दिलंत की त्यातलं बरंचसं फोलेट पाण्याबरोबर मोरीत जातं, त्यामुळे फक्त जेवणावर विसंबू नका.

शाकाहारी असाल तर बी-१२ तपासून घ्या. त्याच्या कमतरतेतही लाल पेशी मोठ्या होतात. नुसत्या फॉलिक ॲसिडने रक्त सुधारलेलं दिसतं आणि नसांचं नुकसान मात्र आतल्या आत चालू राहतं.

आता ज्या बाई हे वाचताना आधीच दहाव्या आठवड्यात आहेत आणि गोळी घेतलेली नाही, त्यांच्यासाठी. घाबरू नका आणि स्वतःला दोषही देऊ नका. गोळी न घेतलेल्या बहुतेक स्त्रियांची बाळं निरोगी असतात, आणि घेऊनही काही दोष टळत नाहीत. आजपासून सुरू करा, तुमच्या रक्तासाठी ती अजूनही हवीच आहे. १८ ते २० आठवड्यांच्या सोनोग्राफीत बाळाचा मणका आणि डोकं नीट तपासतात. त्या तपासणीची तारीख आजच घेऊन ठेवा.