अजिंठ्याचे प्रवासी आणि वाशीम ताम्रपट : यवतमाळच्या संशोधनाचा एक संदर्भ

प्रस्तावना :
अजिंठ्यास जाणाऱ्या प्रवाशाला बहुधा एकच कथा ऐकावयास मिळते. दि. २८ एप्रिल १८१९ रोजी शिकारीस निघालेला मद्रास सैन्यातील इंग्रज अधिकारी जॉन स्मिथ याच्या दृष्टीस ही लेणी पडली व त्याने दहाव्या लेण्यातील स्तंभावर आपले नाव कोरले. परिसरातील लोकांना लेणी ठाऊक होतीच. तरीही शोधाचे श्रेय प्रवाशाच्या पदरी पडले. अवशेषांचे दर्शन व त्यांचा इतिहास यांतील अंतर प्रस्तुत लेखात यवतमाळच्या एका संशोधनाच्या आधारे स्पष्ट केले आहे.

दर्शन :
१८३९ मध्ये जेम्स फर्ग्युसन अजिंठ्यास आले. त्याच वर्षी अमेरिकन प्रवासी जॉन स्टीफन्स व चित्रकार कॅथरवुड मध्य अमेरिकेतील कोपान या माया संस्कृतीच्या नगरात पोहोचले. त्यांच्या ग्रंथामुळे माया अवशेष जगास परिचित झाले. परंतु शिलास्तंभांवरील लिपी अबोलच राहिली. तिच्या वाचनाची दिशा १९५२ मध्ये युरी क्नोरोझोव यांनी लेनिनग्राड येथून, ती नगरे प्रत्यक्ष न पाहता, दाखविली.

वाचन :
अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील शिलालेख वाकाटक नृपती हरिषेण याचा मंत्री वराहदेव याचा आहे. एकोणिसाव्या शतकात भाऊ दाजी लाड व ब्यूलर यांनी तो वाचला. तथापि लेख झिजलेला असल्याने वंशावळीतील सर्वसेनाचे नाव ओळखले गेले नव्हते. १९३९ मध्ये वाशीम येथे एका पंडिताच्या संग्रही ताम्रपट आढळले. यवतमाळच्या शारदाश्रमाचे डॉ. य. खु. देशपांडे यांनी ते उजेडात आणले व द. ब. महाजन यांच्यासह त्याच वर्षी भारतीय इतिहास परिषदेच्या अधिवेशनात प्रसिद्ध केले. वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम, येथून दिलेल्या या दानपत्रात विंध्यशक्ती हा सर्वसेनाचा पुत्र व पहिल्या प्रवरसेनाचा नातू असल्याचे नमूद आहे. वाकाटकांच्या स्वतंत्र वत्सगुल्म शाखेचा हा निर्णायक पुरावा ठरला. त्याच्या प्रकाशात वा. वि. मिराशी यांनी अजिंठ्याच्या लेखाचे पुनर्वाचन करून ते १९४१ मध्ये प्रसिद्ध केले. सोळाव्या लेण्याचा दाता विदर्भातील राजसत्तेचा मंत्री होता, हे त्यामुळे स्पष्ट झाले.

निष्कर्ष :
१९८३ मध्ये अजिंठ्याचा जागतिक वारशात समावेश झाला. यवतमाळ जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या सहलींनाही ते स्थळ परिचित आहे. मात्र चित्रांपुढे थांबणारा विद्यार्थी शिलालेखापुढे क्वचितच थांबतो. आपल्या शेजारच्या वाशीमचा तेथे संबंध आहे, हे त्याला सांगितले जात नाही. परिणामी स्मिथचे नाव स्मरणात राहते; वराहदेव व देशपांडे विस्मृतीत जातात. यास्तव सहलीपूर्वी वाशीम ताम्रपट व सोळाव्या लेण्यातील लेख यांचे वर्गात एकत्र वाचन व्हावे. इतिहासाच्या अध्यापकांना हे सहज शक्य आहे. अवशेष डोळ्यांना दिसतात. त्यांचा इतिहास मात्र वाचनानेच हाती लागतो.